चौकटीवरची नावं

१९८४च्या मार्चमधली ती संध्याकाळ रोजच्यासारखीच होती. शाळेच्या क्रीडामंदिरात आनंदराव मास्तर कोराडीहून बसने आलेल्या मुलांना मलखांब शिकवत होते.

"बाबा, जेवण थंड होऊन राहिलं!" त्यांची मुलगी शामला दारातून ओरडली.

"पाच मिनिटं वं!"

ती पाय आपटत घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर गेले. हृदयविकाराने.

मे महिन्याची सुट्टी लागली, तर क्रीडामंदिराला कुलूप! दारावर पाटी : 'दुरुस्ती चालू. बाहेरच्यांना प्रवेश नाही.'

"कसली दुरुस्ती? ना गवंडी, ना रेती!" शामला म्हणाली.

"चिटणीससाहेबालेच विचारू ना!" तिच्यासोबत मलखांब शिकणारा ताराचंद म्हणाला.

शाळेचे चिटणीस देवराव खेकसलेच. "हे फक्त शाळेतल्या मुलांचं आहे! मास्तरांनी आपल्या मनानं गावाले दार उघडलं. ती त्यांची चूक!"

चूक! शामलाचे कान तापले.

दुपारी शामला, ताराचंद आणि त्यांची मैत्रीण प्रेमिला मागच्या मोडक्या खिडकीतून आत उतरले. आत छताला भिडलेले कापडाचे गठ्ठे!

"अगं, हा तर देवरावांच्या मेव्हण्याच्या दुकानाचा शिक्का! गांधीबागेतलं!" प्रेमिला म्हणाली.

"गोदाम केलं गा आपल्या क्रीडामंदिराचं!" शामला ताराचंदला म्हणाली.

तिघांनी जोर लावून दोन गठ्ठे सरकवले. मागे सामानखोलीची चौकट दिसली. नवं पोर आलं की मास्तर तिथे खिळ्यानं त्याच्या उंचीची रेघ कोरत. शेजारी नाव, शाळा, साल. महाल, उमरेड, कोराडी... साऱ्या गावची पोरं!

"शामले, हे पाह्य!" ताराचंद ओरडला.

'देवराव. गांधीबागेची शाळा. १९६१.'

संध्याकाळी मुलांनी मुख्याध्यापिका कौसल्याबाईंना गाठलं. त्यांनी दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं आणि त्या थक्कच झाल्या. "मला तर फरशी उखडलीय म्हणून सांगितलं होतं!"

गलका ऐकून वस्ती जमली. देवरावही धावत आले. बाईंनी चौकटीवरची ती ओळ मोठ्यानं वाचली.

"तुम्ही तर आमच्या शाळेचे नव्हतेच, देवराव! मग तुम्हाला कोणी आत घेतलं?"

देवरावांनी त्या जुन्या रेघेवरून हात फिरवला.

"उद्या सकाळपर्यंत गठ्ठे हलवा. संध्याकाळी दार उघडेल. सगळ्यांसाठी!" बाई म्हणाल्या. "आणि पोरांनो, शाबास! आम्ही मोठ्यांनी बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलं."

टाळ्या वाजल्या. शामला मात्र देवरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"घरी मीही बाबांशी भांडत होती. साऱ्या गावाले काहून शिकवता म्हणून. ते होते तोवर एकदाही म्हटलं नाही, आता म्हणते." तिनं चौकटीवरच्या नावांकडे बोट केलं. "माझे बाबा बरोबर होते!"