दुसऱ्यांच्या घरी न संपणारा खेळ

"मामा, शेवटचं खोकंही परत आलं!" बारकी दारातूनच ओरडली.

मामा खेळ बनवायचा. त्याआधी तो पाण्याचे पंप विकायचा आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. पण ते असो. 'होड्या आणि बेटं' या त्याच्या खेळात एकाच बेटाचे पाच पत्ते जो आधी जमवेल तो जिंकायचा. खेळण्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी काही खोकी गिऱ्हाइकांना वापरून बघायला दिली होती. सगळ्यांचं मत एकच पडलं: खेळ संपतच नाही.

"शनिवारी दुकानातली तुमची फळी रिकामी करा," असा बाईंचा निरोप होता.

"ठीक आहे. पुन्हा पंप विकीन," मामा म्हणाला. तेही इतक्या शांतपणे, की सुट्टीला आलेली तिन्ही भाचरं घाबरली. या घरात शांतपणे कोणी काही बोलत नसे.

"पण आपल्याकडे तर अर्ध्या तासात संपतो!" बारकीचा भाऊ चष्मिष म्हणाला. "पत्ते तेच, नियम तेच. मग?"

"लोकांना डोकं नाही," आजोबांनी निकाल दिला.

मामाला मात्र वाटलं, नियम कमी पडले. तो वादळाच्या नियमांचं आणखी एक पान लिहायला बसला.

तिघांत थोरली असलेल्या ताईने परत आलेलं खोकं उचललं. "लोक खेळतात कसे ते बघायला हवं. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्याकडे जाऊ. पण तिथे कोणी तोंड उघडायचं नाही!"

"दातांच्या डॉक्टरकडे?" बारकीने विचारलं.

"खेळताना गं!"

डॉक्टरीणबाईंनी नियम मोठ्याने वाचले. होडी, वारा, वादळ, अपवाद, अपवादाचा अपवाद. जिंकायचं कसं हे तिसऱ्या पानावर होतं. तोवर त्यांचा नवरा पेंगायला लागला होता. मग डाव सुरू झाला. एक पत्ता घ्यायचा, एक टाकायचा. आई, बाप, मुलगा, तिघंही पत्ते छातीशी धरून चिडीचूप. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मुलाला हवं असलेलं लाल बेट आई तासभर हातात धरून बसली होती. बारकीने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

जिन्यात आल्याबरोबर ती फुटली, "मागायचं ना त्याने! आपली आजी कशी ओरडते, 'ए, लाल दे, हिरवं घे!'"

चष्मिष पायरीवरच थबकला. "अदलाबदल! ते पत्ते बदलतच नव्हते!"

"कारण बदलता येतात हे कुठे लिहिलेलंच नाही!" ताई म्हणाली.

तिघांनी मामाला गाठलं. मामा गोंधळला. "त्यात लिहायचं काय? माणसं समोरासमोर बसली की मागणारच ना!" माणसं एका टेबलाभोवती गप्प बसू शकतात, हे त्याने आयुष्यात पाहिलंच नव्हतं. "थांबा, आत्ता एक पान लिहितो."

"नको!" तिघं एकदम ओरडली.

शनिवारी तिघं मामाच्या आधीच दुकानात पोचली.

"मला नियम ऐकले की झोप येते," मालकीणबाईंनी बजावलं.

"तीनच वाक्यं," ताई म्हणाली. "एकाच बेटाचे पाच पत्ते जमले की तुम्ही जिंकलात. पाळी आली की एक घ्या, एक टाका. आणि कोणाशीही, केव्हाही सौदा करा."

"आणि बाकीचं?"

"लागेल तेव्हा सांगू. पहिला डाव उघड्या पत्त्यांनी, नुसता सरावाचा."

बारकीने आपले पत्ते सगळ्यांसमोर मांडले. "मी लाल जमवतेय. तुमच्याकडे एक आहे. द्या ना!"

"फुकट?" असं म्हणून बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

मामा खोकी न्यायला आला तेव्हा खरा डाव रंगात होता. एका लालच्या बदल्यात बाईंनी चष्मिषकडून दोन निळे काढले होते, आणि आपलाच फायदा झाला या समजुतीत चष्मिष खूश होता. एक गिऱ्हाईक खरेदी विसरून स्टूल ओढून बसलं होतं.

"अहो, पण वादळ आलं की—" मामाने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा हो!" गिऱ्हाईक म्हणालं.

बाई जिंकल्या. त्यांनी पत्ते गोळा केले आणि न विचारता पुन्हा वाटले.

"खोकी राहू देत फळीवर," त्या म्हणाल्या. "पोरं हुशार आहेत तुमची."

"भाचरं आहेत माझी," मामा म्हणाला. तीही त्यानेच बनवली असावीत, असा त्याचा चेहरा झाला होता.

"खेळही चांगला आहे," बाई पत्ते लावत म्हणाल्या. "फक्त तो तुम्ही कोणाला समजावू नका!"