उंट, तीन घरं

सासऱ्यांची नजर गेली त्या दिवशी थोरल्या सुनेनं देवापुढे हात जोडून नेम धरला होता: आजपासून दुपारच्या डावाला मामंजींचे डोळे मी.

नेम तिनं मनापासून पाळला. मामंजी जुन्या मित्राशी फोनवर बुद्धिबळ खेळत. ते चाल बोलत, ती पटावर मोहरं हलवी, मग मामंजी बोटांनी पट चाचपून पुढचा विचार करत. शेजारी टेपवर सगळं बोलणं रेकॉर्ड होत असे. डावाची सुरुवात कुठे फसली, ते मागाहून ऐकायला.

"वजीर पुसलास वाटतं, सूनबाई?"

"राजालाही पुसलं हो. उगाच रुसवा नको."

एका दुपारी मामंजी म्हणाले, "उंट, तीन घरं." तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. तिनं घाईघाईत उंट दोनच घरं पुढे टेकवला आणि धावली. परतली तेव्हा मामंजींची बोटं त्या उंटावर थबकली होती.

"मी तीन म्हणालो होतो ना गं?"

दुधाची चिडचिड होती, की चुकीची लाज... तोंडून निसटलं, "नाही मामंजी, दोनच."

मामंजी कसनुसं हसले. "डोळे गेले, आता डोकंही चाललं म्हणायचं." त्यांनी फोन ठेवला. पुन्हा पटाला हात लावला नाही, की ती टेपही ऐकली नाही. खरं सांगायचं ती आज-उद्यावर ढकलत राहिली, आणि एके दिवशी मामंजीच गेले.

पुढे एका सुन्न दुपारी, घरात कुणी नसताना, तिनं पट मांडून तीच टेप लावली. खरखर. ओळखीचा खोकला. खोलीत हळूहळू करपल्या दुधाचा वास पसरला... चूल तर थंड होती.

"उंट, तीन घरं."

तिनं मोजून तिसऱ्या घरात ठेवला.

"मी तीन म्हणालो होतो ना गं?"

आता आपलं खोटं ऐकू येणार, म्हणून तिनं डोळे मिटले. आलं नाही. नुसता श्वास... वाट पाहणारा.

"सूनबाई... तीन ना?"

"तीनच, मामंजी! मी खोटं बोलले..."

"हं," टेप म्हणाली. "मग चालू दे."

तो डाव अजून चालू आहे. मामंजींची चाल टेपवर येते. फोनपलीकडच्या मित्राची येत नाही. ती डोळे मिटून उघडते, तोवर काळं प्यादं सरकलेलं असतं.

बायांनो, घरातलं थकलं माणूस विचारेल, 'मी असंच म्हणालो होतो ना?' तर तुम्हीही नेम धरा, खरं ते तिथल्या तिथे सांगा. ऐकायला ती माणसं थांबतात... पण मग थांबूनच राहतात.