आठ डोसांची बाटली

डॉक्टर जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या मुलाला औषधपाण्यात रस नव्हता, त्याने दवाखाना विकून टाकला, आणि सोमवारी नवा मालक कुलूप बदलणार होता. म्हणून जेवण आटोपून टळटळीत दुपारी कंपाउंडर किल्ली घेऊन निघाला. कपाटं रिकामी करायची आहेत, असं त्याने घरी सांगितलं. ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे त्याची नात.

नात चार वर्षांची. दहा दिवस खोकून खोकून पोरगी निम्मी झाली होती. सुनेने मध चाटवून पाहिला, वाफ दिली, छातीला तेल चोळून शेकलं, मोठ्या डॉक्टरांची गुलाबी बाटली तळापर्यंत संपवली. खोकला काही हटेना. काल पोरगी खोकता खोकता निळी पडली, तेव्हा कंपाउंडरने पुन्हा विषय काढला, "मी करून आणू का आपलं जुनं मिक्स्चर?"

सुनेने हातच जोडले. "बाबा, ते काळं पाणी नको. त्यात काय काय असायचं देव जाणे."

देवाचं माहीत नाही, पण कंपाउंडर पक्कं जाणून होता. ज्येष्ठमध, कापूर, बडीशेपेचं पाणी, साखरेचा पाक आणि वर अफूचा अर्क. दोन चमचे पोटात गेले की खोकणारा गप्प आणि घरचे खूश. त्या काळी तान्ह्या पोरांनाही असलं काहीबाही सर्रास द्यायचे, आणि पोरं शांत झोपतात म्हणून कौतुक करायचे. डॉक्टर निदान करत, पण लोक म्हणत, गुण कंपाउंडरच्या हाताला आहे. त्यालाही ते खरं वाटायचं. आता अफूची बाटली कित्येक वर्षं कोरडी पडली होती. उरलेल्या जिनसांचं साधंसं औषध करून न्यावं आणि सुनेची नजर चुकवून दोन चमचे पाजावं, एवढाच त्याचा बेत.

औषधाची खोली आहे तशी होती. लाकडी आडभिंत, तिच्यात हातभर रुंदीची खिडकी. पलीकडच्या माणसाचा कोपरापर्यंत हात तेवढा दिसायचा. पेशंट घरूनच बाटली आणायचे, त्यामुळे कंपाउंडर माणसांना तोंडावरून कमी आणि बाटलीवरून जास्त ओळखायचा. औषध भरलं की कागदाची पट्टी दुमडायची. तीन घड्या घातल्या की आठ भाग. कडेला कात्रीने खाच मारायची, पट्टी उलगडून खळीने बाटलीला डकवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, अशी सोय.

त्याने खरल पुसला, पाक गाळला. खोलीत कापराचा वास भरला. तेवढ्यात खिडकीच्या फळीवर काच टेकल्याचा आवाज झाला.

"दवाखाना बंद झालाय," मान वर न करता तो म्हणाला.

"एवढी भरून द्या... मागची संपली."

बाईचा आवाज हळू होता, मूल झोपलेल्या घरात बोलावं तसा. फळीवर एक बाटली होती आणि तिच्या गळ्याभोवती सुईने टोचटोचलेली बोटं. बाटलीवरची पट्टी पिवळी पडली होती. कंपाउंडरने सवयीने खाचा मोजल्या. चार.

आठ डोसांच्या बाटलीला चारची पट्टी त्याने आयुष्यात एकदाच लावली होती.

बत्तीस वर्षं झाली त्याला. सकाळीच घरून निरोप आला होता, मुलगा झाला. आनंदाच्या भरात हात चालत होते, डोकं घरी पळालं होतं. तीनऐवजी दोनच घड्या पडल्या. बाटली होती कपडे शिवणाऱ्या बाईची, तिच्या मुलीला खोकला होता. बाईने खुणेप्रमाणे दुप्पट डोस पाजला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मुलगी झोपली ती झोपलीच. डॉक्टरांनी कागदावर न्यूमोनिया लिहिलं. कंपाउंडर भेटायला गेला, आणि येताना कोनाड्यातली बाटली पिशवीत घालून घेऊन आला. इथवर एक वेळ चूक म्हणता येईल. पण निघताना त्या बाईने त्याची बाही धरली होती. 'माझ्या हातून जास्त तर नाही ना गेलं?' तेव्हा चप्पल घालता घालता तो म्हणाला होता, 'खुणा नीट पाहून द्यायचं असतं, बाई.' तेवढंच. पुढे ती फार दिवस जगली नाही, असं त्याच्या कानावर आलं. त्याने ती बाटली स्वतःच्या हाताने फोडून मातीत पुरली होती.

"मी खुणा पाहूनच दिलं," पलीकडून आवाज आला. "तुम्ही एकदा बघून सांगा ना... बरोबर आहेत का खुणा?"

बाटलीच्या उघड्या तोंडातून अफूचा कडवट, गोडसर वास येत होता. एक वाक्य बोलायचं होतं. समोर चेहरासुद्धा नव्हता, नुसता हात. पण बत्तीस वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाला ऐन वेळी तोंड फुटत नाही. त्याने नवी पट्टी घेतली, तीन घड्या घातल्या, खाचा मारल्या आणि जुन्या पट्टीवर डकवली.

"आता बरोबर आहे," तो पुटपुटला.

"म्हणजे... तेव्हा माझंच चुकलं."

त्याने खळीची बोटं फडक्याला पुसली.

बोटांनी बाटली सावकाश मागे ओढली. "बरं," बाई म्हणाली. "मग आता तुमची झोपवते."

फळी रिकामी झाली. आडभिंतीपलीकडची खोली रिकामी होती, आणि बाहेरच्या दाराला त्याने आतून लावलेली कडी जशीच्या तशी होती.

म्हातारपणी माणूस किती पळू शकतो, हे त्या दिवशी रस्त्याने पाहिलं. घरात शिरला तो धापा टाकत, आणि मागे कडी घातली. सुनेने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाबा. आत्ता कुठे डोळा लागलाय. अर्ध्या तासात एकदाही खोकली नाही."

"काय दिलंस तिला?"

"काही नाही. आपली आपणच झोपली."

नात उताणी पडली होती. ओठांच्या कडेला काळपट थेंब सुकला होता. कंपाउंडरने पापणी वर करून पाहिली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. श्वास यायचा, मग थांबायचा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा यायचा. त्याने तिला हलवलं, गालांवर थापट्या मारल्या. मान लुळी पडली. सून ओरडायला लागली, नवऱ्याला फोन करते म्हणाली, गाडी बोलावते म्हणाली, आणि फोनच सापडेना.

कंपाउंडर गुडघ्यांवर बसला. सून ऐकतेय याचीही त्याला पर्वा उरली नाही.

"बाई, तुमचं चुकलं नव्हतं," तो मोठ्याने म्हणाला. "खुणा मी चुकीच्या लावल्या होत्या. दोनच घड्या घातल्या. तुमची मुलगी माझ्या हाताने गेली... आणि मी ते तुमच्या माथी मारलं. हिला सोडा. हिने काही केलं नाही."

पंखा फिरत होता. मग नातीच्या छातीत एक लांब श्वास भरला, पाठोपाठ दुसरा. तिने डोळे उघडले.

सुनेने रडत रडत तिला उराशी कवटाळलं. कंपाउंडरला हुंदका आवरेना. पोरगी जगली, यापुढे सून काय ते विचारू दे, जग थुंकू दे तोंडावर. इतकं हलकं त्याला बत्तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

नातीने सुनेचे हात हळूच बाजूला केले. ती उठून बसली, खोलीभर नजर फिरवली, आणि कंपाउंडरकडे बघून ओळखीचं हसली.

"कंपाउंडर," ती म्हणाली, "मी बरी झाले."

मग ती सुनेकडे वळली, आणि परक्या घरात बोलतात तशा अदबीने तिने विचारलं, "मावशी, दार उघडता का? माझी आई बाहेर थांबलीय."

पोरीला खेळ सुचतोय, या आनंदाने सून डोळे पुसत हसली आणि कडी काढायला उठली.