तीन पानं, एकच सा

चर्चमधल्या पायपेटीखालून दोन लांबलचक पाय बाहेर आलेले दिसले आणि माझ्या हातातली कळशी सुटली. बहात्तरचा दुष्काळ. टँकरचं पाणी जामखेडच्या आमच्या चर्चच्या फरशीवर...

"भिऊ नको, बाई," पाय बोलले.

पायांमागून योहान निघाला. आइसलँडचा. विहिरी खोदणाऱ्या पथकाबरोबर आलेला. मराठी शिकला होता पवित्र शास्त्रावरून, त्यामुळं बोलायचा देवदूतासारखा. पाळकसाहेबांनाही 'तू' म्हणायचा. तिकडं तो संगीतरचना शिकत होता.

"गुरुजींनी माझी रचना परत दिली. वदले, यात मनुष्य नाही. नवी रचना नेली नाही, तर शिक्षण संपले."

"मग हितं मानसं हुडकायला आलाय व्हय?"

"एक सापडले," रिकाम्या कळशीकडं बघत तो म्हणाला.

सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून त्यानं पेटीचा भाता सांधला. मग आमच्या गायनमंडळीसाठी नवी रचना लिहिली. कार्बन लावून प्रती काढताना मला धक्काच बसला. बाकीच्यांचे सूर चिमण्यांसारखे भिरभिरत होते, आणि माझ्या तीन पानांवर? एकच सा!

"ह्या लिडियानं काय घोडं मारलं तुमचं?" मी विचारलं.

"इतर सर्व भटकतात, लिडिया. मग परत येतात... तुजकडे."

मला उचकी लागली. अगदी खरी. दोन दिवस थांबली नाही.

तो परत जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्यानं टेपरेकॉर्डर लावला. ती टेप गुरुजींकडं जायची होती. तो पेटी वाजवत गात होता. मी माझ्या 'सा'वर खांबासारखी उभी. सूर गेले, आले... आणि शेवटच्या ओळीला मी जागा सोडली! सरळ त्याच्या सुरावर जाऊन बसले. शेजारी गाणाऱ्या छबूबाईंनी कोपर मारलं. योहानचे पाय थांबले, पेटीनं हुस्स केलं.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "परीक्षा बुडवली न्हवं तुमची? पुन्हा गातो आमी. टेप शिल्लक हाय."

"नको." त्याचे कान लालबुंद. "हीच नेतो."

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात पत्र आलं. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं – तिथंच चुकलं. 'गुरुजींनी रचना स्वीकारली. त्यांनी विचारले, शेवटी जागा सोडणारी ही कोण? मी उत्तर दिले, ही माझी वधू.'

मला विचारलं होतं का त्यानं? नव्हतं. मी 'नाही' म्हणणार होते का? छे!

आईच्या हातातली कळशी सुटली. पण तोवर आड भरले होते. सांडलेल्या पाण्याचं कुणाला काही वाटलं नाही.