बोदलीटोल्याहून आलेलं उत्तर

जरा जवळ सरकून बसा. मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लाईनमन होतो, तारेवरचे लय आवाज आयकले. पण हे माही गोष्ट नाई, नागसेनची आहे. घुग्घुसचा नागसेन. गडचिरोलीकडं काम निघालं की माह्याच घरी मुक्कामाले राहे, म्हून मले पक्की माहीत.

त्याचं काम असं. लोकं आपली वेबसाइट भाड्याच्या मशीनवर ठेवतात, त्याले होस्टिंग म्हणतात. कोणाचं होस्टिंग कुठून किती चपळ चालते, हे पाहासाठी त्याच्या कंपनीनं गावोगावी छोटे डबे लावले होते. एक राजुऱ्यात, एक भद्रावतीत, अन् एक धानोऱ्याच्या पुढं जंगलात, बोदलीटोल्याले. टोल्यात रेंज फक्त बायनाबाईच्या घरात ये, म्हून डबा तिच्या फळीवर ठेवला. बाई विधवा. घरात एकटीच.

"हे करते काय, बापू?" तिनं इचारलं.

"दर पंधरा मिनिटाले दूरच्या मशीनले हाक मारते, बाई. आहे का? तिकून उत्तर येते, आहो. किती वेळात आलं ते लिहून ठेवते."

"वेळ कायले मोजाचा?"

"सेकंदाचे हजार तुकडे करा. मुंबईचं उत्तर चाळीस तुकड्यात येते, सिंगापूरचं शंभरात. जितकं दूर, तितका उशीर."

बाई हासली. "म्हंजे ह्याच्या हाकेले कोणीतरी उत्तर देते. बरं आहे ह्याचं."

पह्यले नागसेन महिन्याच्या महिन्याले जाये. बाई त्याले जेवल्याबिगर सोडे नाई. मंग डब्याचे आकडे चंद्रपुरात बसल्या बसल्या मोबाईलवर दिसू लागले. बोदलीटोला, ठीक. रोज ठीक. जाणं बंद झालं. पावसाळ्यात बाईचा फोन आला, "ये न बापू एखांद्या दिवशी." हा म्हणे, "दिवाळीले येतो, बाई." दिवाळी झाली. हा गेला नाई.

मंग कंपनीनं काम आवरलं, डबे वापस आणा म्हणलं. तारीख १९ नोव्हेंबर २०२२, शनिवार. नागसेन मोटरसायकलीनं निघाला. रस्त्यात टायर पंक्चर झालं, टोल्यात पोहोचला तवा साडेसहा वाजले होते. पुरा अंधार. बाईच्या दाराले कुलूप. आवाज आयकून शेजारचा देवाजी बॅटरी घेऊन आला.

"देवाजीभाऊ, बाई कुठी गेल्या?"

देवाजी त्याच्याकडं पाहातच राह्यला. "तुले कोणी सांगतलं नाई? पोळ्यानंतर आठ दिवसानं गेली ते. तापानं. दोन दिवस कोणाले मालूमच पडलं नाई."

नागसेन पायरीवर बसला. म्हणे, "पण डबा त आज सकाळी बी चालू होता."

"कसा राहील? मीटर काढून नेलं न महिना झाला."

कुलपाची किल्ली देवाजीकडंच होती, दोघं आत गेले. फळीवर डबा होता. त्याचा दिवा बंद. वायर उंदरानं तोडलेली, पिन खाली लोंबून राह्यलेली. नागसेननं मोबाईल पाह्यला. शेवटची नोंद पावणेसातची. आत्ताची.

बोदलीटोला, ठीक.

त्यानं मोबाईलवरून डब्याले हाक मारली. डबा समोर असला तरी हाक दूरच्या टावरावरून फिरून येते, इतक्या जंगलातून उत्तर याले पन्नास तरी तुकडे लागाव. उत्तर आलं.

एक.

"काय झालं?" देवाजीनं इचारलं.

एक म्हंजे... खांद्याले खांदा लावून बसलेला.

डबा त्यानं तसाच ठेवला. हात नाई लावला. गाडीले किक मारली अन् निघाला.

धानोऱ्याले थांबला. डबा मागं राह्यला, आता त उशीर लागलाच पाहिजे न? हाक मारली. एक.

पुढं निघाला. दोन्ही बाजूनं सागाचं जंगल. गाडीघोडा नाई, माणूस नाई. मधात एका पुलावर गाडी उभी केली. इंजन बंद केलं. मोबाईलमधी रेंज नाई. एक काडी बी नाई. तरी हाक मारली.

एक.

तो मले म्हणे, "खुशालभाऊ, भेव नाई वाटलं. तेच खराब वाटलं. इतकं एकटं मले जिंदगीत वाटलं नव्हतं, अन् तरी कोणीतरी अगदी जवळ..."

त्यानं मागं वळून नाई पाह्यलं. समोर पाहातच बोलला.

"बाई... मी आलो नाई. चुकलं माह्यं."

...

रातकिडे बी गप.

मंग पुन्हा हाक मारली. थांबला. अजून थांबला. उत्तर आलं नाई. पुन्हा मारली. नाई. गडचिरोलीपावतर कितींदा मारली असन, त्याचं त्याले माहीत. उत्तर नाईच.

माह्या दारात आला तवा दहाले दहा कमी होते. जेवला नाई. अंगणात बसून हे सारं सांगतलं, अन् लहान लेकरासारखा रडला. मी म्हणलं, मोबाईल खराब असन. दुसरं काय म्हणाव?

सकाळी गाडी पुसाले मी बाहेर निघालो. त्याच्या गाडीवर मागं कोणी बसतच नसे. मागचे दोन्ही पायदान बंद, गंजून जाम झालेले. दिवाळीच्या आधी मीच हातोडी घेऊन अर्धा घंटा ठोकले होते, हालले नव्हते.

उजवं तसंच बंद होतं. डावं, जिथी बाया एका बाजूनं बसून पाय ठेवतात, ते... उघडं होतं.