सांध्यातली भुकटी

पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंतची आमची भिंत बिनगिलाव्याची आहे. लाल विटा, मधे सिमेंटचे सांधे. बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती म्हणाली, "अहो, इथे एक लाकडी पट्टी ठोका ना. धरून चालेन. सारख्या हाका मारायला नकोत तुम्हाला."

मी ड्रिल आणलं. विटेत भोक पाडायला वेळ लागतो, लाल भुकटी पडते. सांधा मऊ असतो, त्यातून राखाडी पडते. मला घाई होती. सहाही स्क्रू सांध्यात मारले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ती बाथरूममधून परत निघाली आणि पट्टी उखडून तिच्या हातात आली. मी पलंगावर झोपलो होतो. तिने हाक मारली असेल. मला ऐकू आली नाही.

जाग आली तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, श्वास थांबला होता. तिचा हात राखाडी भुकटीने माखला होता. माणसं जमायच्या आत मी तो पुसला, पट्टी माळ्यावर टाकली. पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही.

दोन महिन्यांनी मुलगी राहायला येते म्हणाली. ती सहा भोकं तिला दिसू नयेत म्हणून मी सुताराला बोलावलं. पट्टी भोकं झाकेल अशीच बसवायची होती.

"सांध्यात कुणी मारले हो हे?" तो हसला. "त्याला म्हणावं, तू कॅलेंडरच टांग."

"आधीच्या भाडेकऱ्याने," मी म्हणालो.

त्याने विटांत भोकं पाडली, गुट्ट्या घातल्या, स्क्रू आवळले आणि पट्टीला लोंबकळून दाखवलं. "आता हत्ती बांधा, काका."

लाल भुकटी मी झाडून काढली.

दुसऱ्या दिवशी चारनंतर बाथरूमकडचा स्क्रू बोटभर बाहेर आला होता. खाली चिमूटभर भुकटी. राखाडी. मी स्क्रू आवळला. त्यानंतरच्या दिवशी त्याच्या शेजारचा.

सुतार परत आला. भोकात काडी घालून पाहिली.

"वीट शाबूत आहे. तुम्ही एकटेच ना इथे? मग यावर भार कोण टाकतंय?" त्याने भुकटी चिमटीत धरली. "आणि ही माझ्या भोकांतली नाही."

पिशवी उचलून तो गेला. पुढे त्याने फोन घेतला नाही.

मग तिसरा. मग चौथा. पलंगाच्या दिशेने.

पाचवा निघाला तेव्हा मी पलंग ओढून समोरच्या भिंतीला लावला.

सहाव्या दिवशी मुलगी यायची होती. जागं राहायचं ठरवून मी पलंगावर बसलो. तरी डोळा लागला.

बेलने जाग आली. चार वाजून गेले होते. सहावा स्क्रू बाहेर होता. पट्टी तिथे संपत होती.

दार उघडलं. मुलीने बॅग ठेवली.

"बाबा, खांद्याला काय लागलंय?"

"सिमेंट असेल."

ती झटकायला लागली आणि थांबली. "बाबा, ही चार बोटं आहेत."

पाचवं मागे, मानेपाशी होतं. ते अजून दाबत होतं.