एकतीस शब्द

मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. कोणत्या दुकानदाराचा काटा किती ग्रॅमने खोटं बोलतो, हे शोधून काढणं माझं काम. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मला सवय नाही. तरी जे घडलं, ते घडलं त्या क्रमाने सांगतो.

आम्हाला मूलबाळ नाही. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाज असा, की नुसत्या 'हॅलो'वर समोरच्याचा राग उतरावा. आम्ही दोघं निवृत्त झालो आणि तिचा दमा वाढला. कोरड्या हवेत राहा, असं डॉक्टर म्हणाले. परदेशातल्या एका डोंगराळ गावाची माहिती मी जमवली. निवृत्त माणसांना तिथे सहज राहू देतात, हवा कोरडी, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. फाइल तयार केली आणि दहा दिवसांसाठी घरं बघायला तिला घेऊन गेलो.

तिला यायचं नव्हतं. "तिथे मी बोलू कोणाशी? तुमच्याशी? तुम्ही महिन्याला मोजून चार वाक्यं बोलता," ती म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं.

घरं दाखवणारी एजंट बाई आमच्याच भाषेतली, वीस वर्षांपूर्वी तिकडे स्थायिक झालेली. आम्हाला काका-काकू म्हणायची. पहिली दोन घरं मीच बाद केली. एकाच्या भिंतीला ओल होती, दुसऱ्याला बेचाळीस पायऱ्या. बायको दोन्हीकडे दाराशीच उभी राहिली आणि "छान आहे, चला" म्हणाली. दात काढायला आणल्यासारखा चेहरा.

तिसरं घर गावाबाहेर उतारावर होतं. पांढरं, तीन खोल्यांचं. आत साबणाचा आणि विझलेल्या राखेचा वास. मालकीण सत्तरीची, किडकिडीत, तपकिरी लोकरी जाकीट घातलेली. बरीच वर्षं ती तिथे एकटीच राहत होती. तिला तिकडच्या भाषेखेरीज एक अक्षर येत नव्हतं. तिने बायकोचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं, आणि बोलत सुटली. एजंट बाईने पहिली दोन वाक्यं आम्हाला सांगितली. घर कोरडं आहे. पाण्याची ददात नाही. मग ती गप्प झाली, कारण म्हातारी थांबतच नव्हती.

निघताना बायको म्हातारीला काहीतरी म्हणाली. म्हातारी तोंडावर हात धरून हसली.

"काय म्हणालीस?" रस्त्यात मी विचारलं.

"येते म्हटलं."

"तिला कळलं कसं?"

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. चढ होता. तिला धाप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "कालचं घर परत बघू या." मला बरं वाटलं. मी टेप घेऊन मधल्या खोलीची लांबी घ्यायला लागलो. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. दोन बायका, भराभर, एकमेकींचं वाक्य तोडत. मला वाटलं, एजंट बाई म्हातारीशी व्यवहाराचं बोलतेय.

मग माझ्या लक्षात आलं, टेपचं दुसरं टोक एजंट बाईच्याच हातात होतं.

तिचा चेहरा उतरला होता. "काका, काकू ही भाषा कुठे शिकल्या?"

"शिकली नाही."

"मी वीस वर्षं इथे आहे. मला असं बोलता येत नाही. हे इथल्या जुन्या बायकांचं बोलणं आहे."

बायकोला विचारलं तर ती चिडली. "मी मराठीतच बोलत होते. तुमचे कान तपासून घ्या."

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर तिने पलंगाकडे बोट केलं. "अहो, ते द्या ना. ते... डोक्याखालचं."

"उशी?"

"हं. तेच."

थोड्या वेळाने चमचा गेला. सकाळी जिना, मग पाऊस, मग सावली. दुपारी आपल्या थोरल्या आत्याची आठवण सांगताना ती 'आत्या' या शब्दापाशी अडली. मी वहीत यादी करत गेलो. पाचव्या दिवसापर्यंत एकतीस शब्द झाले. मी शब्द सांगितला की ती तो माझ्यामागून म्हणायची, आणि तासाभराने तो पुन्हा नसायचा. दवाखान्यात मेंदूचे फोटो काढले. सगळं स्वच्छ. प्रवासाचा शीण असेल, म्हणाले. छातीही तपासली. दम्याचं नावही नव्हतं.

तिला वाईट वाटत नव्हतं, हे मला जास्त लागलं. ती खिडकीशी बसून गुणगुणायची. चाल मी कधी ऐकलेली नव्हती.

त्यानंतर मी यादी सोडली. कारण आता गेलेले नाही, राहिलेले शब्द मोजणं सोपं होतं. सहाव्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती "अहो" म्हणाली. पुढचं वाक्य शोधत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ते आलं नाही. पुन्हा "अहो" म्हणाली, आणि माझा हात थोपटून जेवायला लागली.

सातव्या दिवशी सकाळी मी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं. दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसं, सभ्यपणे. मग पर्स घेऊन ती बाहेर पडली.

मी एजंट बाईला फोन लावला. तिने उचलला नाही. मी बायकोच्या मागे चालत राहिलो, उतारावरच्या घरापर्यंत.

दार म्हातारीने उघडलं.

"आलात? पाय पुसून या हं. फरशी आत्ताच पुसलीय."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"असे बघताय काय खुळ्यासारखे? उशी उन्हात टाकलीय तिची. जिन्याखाली कोळसा आहे. पाऊस आला की सावलीच्या बाजूची खिडकी लावून घेत जा."

शब्द स्वच्छ होते. आवाज तीस वर्षं टेलिफोनवर बसलेला होता.

बायको तिच्या शेजारून आत गेली. म्हातारीने अंगातलं तपकिरी जाकीट काढून दिलं. बायकोने ते घातलं. बाही तिला बरोबर बसली. मग तिने हातातली पर्स म्हातारीला दिली. पासपोर्ट त्यातच होता.

"मी पुढे होते," म्हातारी मला म्हणाली. "तुम्ही या सावकाश."

ती उतार उतरून गेली. मला तिला अडवता आलं असतं. मी बायकोकडे बघत राहिलो. ती टेबलाशी बसून बटाटे सोलत होती.

दहाव्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. मी गेलो नाही. वकिलातीत जाऊन तक्रार केली. अधिकाऱ्याने माझ्यासमोर विमानतळावरून नोंद मागवली. तुमच्या पत्नी आज दुपारी देशाबाहेर गेल्या, तो म्हणाला. पासपोर्टवरचा फोटो आणि चेहरा जुळलेला आहे.

मी या घरात राहतो. बायको मला राहू देते. एजंट बाई आता इथे येत नाही, पण फोनवर मला रोज थोडे शब्द शिकवते. दार, मीठ, थंडी एवढं मला म्हणता येतं. मी चुकलो की बायको हसते आणि पुन्हा म्हणून दाखवते. हसणं तिचंच आहे.

परवा दुपारी मायदेशातून आमच्या शेजारीणबाईंचा फोन आला. आमच्या फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडे असते.

"भाऊजी, वहिनी सुखरूप पोचल्या हं. तब्येत काय सुधारलीय हो त्यांची! तुम्ही कधी येताय?"

"तुम्ही त्यांना नीट बघितलंत?"

"अहो, म्हणजे काय? इथे समोर बसून चहा पितायत."

मागून तो आवाज आला. "विचारा त्यांना, बीपीची गोळी घेतली का."

फोनमधला आवाज खोलीत पसरला. समोर बसलेल्या माझ्या बायकोने मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

"घेतली," मी म्हटलं.

पलीकडे ती शेजारीणबाईंना हळूच म्हणाली, "घेतली नसणार. आत्ता उठतील बघा."

मी उठलो होतो.